चोपन्न पायऱ्यांपुरता दम

४ फेब्रुवारी, मंगळवार

आज श्वासाच्या बाई आल्या होत्या. त्यांचा खरा हुद्दा लांबलचक आहे, पण आमच्याकडे त्यांना श्वासाच्या बाईच म्हणतात. दवाखान्यातर्फे दर मंगळवारी येतात, हिच्या बोटाला यंत्र लावून ऑक्सिजनचा आकडा बघतात आणि ओठांचा चंबू करून हळू श्वास सोडायला शिकवतात. हिच्या फुप्फुसांचा आजार बरा होणारा नाही, हे डॉक्टरांनी तीन वर्षांपूर्वीच सांगितलंय. आहे तो दम पुरवून पुरवून वापरायचा, एवढंच आपल्या हातात.

बाईंनी एक छापील पत्रक दिलं. बसून कामं करा, वस्तू उचलू नका, सरकवा, हात खांद्याच्या वर नेऊ नका, जोर लावताना श्वास सोडा, काम करताना बोलू नका. वाचता वाचता मला हसूच आलं. हे तर माझंच शास्त्र! गाद्यांच्या कारखान्यात एकतीस वर्षं मी दुसरं काय केलं? कामगारांच्या हालचाली मोजायच्या आणि फालतू हालचाल दिसली की छाटायची. तिथे मला सगळे घड्याळसाहेब म्हणायचे, तोंडावर आदराने आणि पाठीमागे कसं तेही मला ठाऊक आहे. निवृत्त होताना निरोपाची भेटवस्तू नको म्हणालो, स्टॉपवॉच मागून घेतलं.

बाईंनी हिला विचारलं, "दम वाचला तर कशासाठी वापराल? मनात काय आहे?"

"ताईकडे जायचंय," ही म्हणाली. "माझ्या पायांनी."

ताई म्हणजे हिची थोरली बहीण. दोन गल्ल्या पलीकडे मुलाजवळ असतात. माझ्या सकाळच्या फिरण्याच्या वाटेवरच घर आहे. त्याही आता अंथरुणाला खिळल्या आहेत, तोच आजार. यांच्या घराण्यातच छाती नाजूक. आम्ही तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही, चोपन्न पायऱ्या. ही आठ महिन्यांत खाली उतरलेली नाही.

"उतरणं जमेलही," बाई म्हणाल्या. "पण परत चढणं?"

"ते बघू," ही म्हणाली.

मी वहीत उद्दिष्ट लिहून टाकलं: चोपन्न पायऱ्या, १५ मार्च. बाईंना म्हटलं, तुम्ही आता निर्धास्त राहा, प्रकरण माझ्या हाती आलंय.

५ फेब्रुवारी

स्वयंपाकघराच्या दारात खुर्ची टाकून पहिलं मापन केलं. एक चहा: एकतीस पावलं, सात वेळा वाकणं, चार वेळा हात डोक्याच्या वर. साखर सगळ्यात वरच्या फळीवर कशाला, असं विचारलं तर म्हणते, "तुम्हीच ठेवायला लावली होती, मुंग्या होतात म्हणून." असेल. दोनदा तिला माझ्या पायांना वळसा घालून जावं लागलं. पाय आखडता आले असते, पण मापन चालू असताना मोजणाऱ्याने हलायचं नाही, नाहीतर आकडे बिघडतात. एकूण बावीस मिनिटं. शेवटी ओट्याला धरून उभी होती, आकडा ८७. चहा मात्र फक्कड झाला होता.

९ फेब्रुवारी

चार दिवस खपून स्वयंपाकघर पालटलं. साखर, चहा, पातेली, सगळं कमरेच्या उंचीवर आणलं. उंच स्टूल आणलं, त्याला बूड टेकूनच काम करायचं. पातेलं उचलायचं नाही, ओल्या फडक्यावरून ओट्यावर सरकवत न्यायचं. आंघोळीला प्लास्टिकची खुर्ची. अंग पुसण्यात फार दम जातो, म्हणून मोठा पंचा लपेटून नुसतं बसायचं, पाणी आपोआप टिपलं जातं. स्टुलाचा एक पाय डुगडुगत होता, त्याखाली पत्रकाचं चौथं पान घडी करून घातलं. तीन पानांत कामाचं सगळं आलेलंच आहे.

चहा तेरा मिनिटांवर आला. नऊ मिनिटं मोकळी!

हिचा चेहरा कितीतरी दिवसांनी खुलला. "मग जिना थोडा थोडा सुरू करू या?" म्हणाली.

तिला समजावलं, मोकळा वेळ असा लगेच उधळायचा नसतो. कारखान्यातही आम्ही वाचलेला वेळ आधी दुसऱ्या कामाला जुंपायचो, तरच तो खरोखर वाचलाय हे सिद्ध होतं. नऊ मिनिटांत माझ्या एका शर्टाची इस्त्री आरामात बसते. वर्षभर शर्ट बाहेर देतोय आणि तो माणूस कॉलरची वाट लावतोय. इस्त्री अर्थातच बसून करायची.

१२ फेब्रुवारी

जुन्या वह्या चाळल्या. भरणी विभागाची मोजणी हे माझं सगळ्यात देखणं काम. साठ बायका, गाद्यांत कापूस भरायच्या, नाकातोंडावर फडकं बांधून. दर तासाला बाहेर जाऊन ते फडकं झटकायच्या, धुवायच्या, पुन्हा बांधायच्या. दर खेपेला चार मिनिटं. मी हिशोब करून दाखवला: दिवसाला अठ्ठावीस तास नुसते फडकं झटकण्यात! मोठ्या साहेबांचे डोळेच विस्फारले. पाळीत एकदाच झटकायचं असं ठरलं. माझी बढती त्यावरच झाली.

त्याच मोजणीत नवव्या टेबलावर या दोघी बहिणी होत्या. धाकटीचे हात इतके चपळ की मी घड्याळ दोनदा तपासलं. मोजता मोजताच लग्न ठरलं, असं मी लोकांना सांगतो. लोक खो खो हसतात. पूर्वी हीही हसायची.

१८ फेब्रुवारी, मंगळवार

केस. हिची वेणी कमरेपर्यंत. विंचरायला सहा मिनिटं, दोन्ही हात वर, आणि नंतर पाच मिनिटं नुसत्या धापा. श्वासाच्या बाई मला म्हणाल्या, "तुम्ही विंचरून द्याल का?" आता माझ्या हाताने केलं म्हणून सहाची पाच होणार आहेत का? बाई गेल्यावर कात्री काढली.

"थांबा ना," ही म्हणाली. "ताई घालते माझी वेणी. मी गेले की आधी सोडते आणि पुन्हा घालते. लहानपणापासूनचं आहे. तेवढं एकदा होऊ द्या."

"ताईंचा हात तरी उचलतो का आता?"

दोन मिनिटांत काम झालं. मानेपाशी जरा वाकडं कापलं गेलं, ते सरळ करता करता आणखी वर गेलं. वेणी तिने स्वतः वाकून उचलली, वर्तमानपत्रात गुंडाळली आणि कपाटात ठेवली. वाकू नकोस म्हणून ओरडलो तरी ऐकलं नाही. दुपारभर तोंड भिंतीकडे. मलाही वाईट वाटलं, मी काही दगड नाही. पण संध्याकाळी आकडा ९१ आला, आणि मी आकड्यावर विश्वास ठेवतो.

२३ फेब्रुवारी

बोलण्यात किती दम जातो हे आजवर माझ्या ध्यानातच आलं नव्हतं. दिवसभर नोंदी ठेवल्या. माझ्याशी बोलणं थोडंच. दुपारी मात्र ताईंशी फोन, पंचवीस मिनिटं! दोघींचं मिळून बोलणं कमी आणि धापा जास्त. एक खोकते, दुसरी थांबते, मग दोघी हसतात. कशाला हसतात देव जाणे. फोन ठेवल्यावर आकडा ८८.

फोन बंद केला. आठवड्यातून एकदा मी करीन आणि निरोप सांगीन. हिच्यासाठी टेबलावरची पितळी घंटी आणली आणि तक्ता भिंतीवर लावला: एकदा म्हणजे पाणी, दोनदा म्हणजे पंप, तीनदा म्हणजे या.

घर कसं शांत झालंय.

२५ फेब्रुवारी, मंगळवार

श्वासाच्या बाई चिडल्या. मी तक्ते दाखवत होतो: चहा अकरा मिनिटं, भाजी चिरणं बसून, इस्त्री रोज दोन शर्ट, भांड्यांची बाई बंद केली कारण सरकवत सरकवत हीच घासते. बाई म्हणाल्या, "पण वाचलेला दम गेला कुठे?"

"हा काय, समोर आहे!" मी म्हणालो.

"कामं वाटून घ्या, काही सोडूनच द्या, असं पत्रकात लिहिलंय. चौथं पान बघा."

ते स्टुलाखाली आहे, हे मी सांगितलं नाही. बाई हिला घेऊन आतल्या खोलीत गेल्या आणि दार लावून घेतलं. बाहेर फक्त "एक, दोन, तीन, थांबा. एक, दोन, तीन, थांबा," एवढं ऐकू येत होतं. तीन पावलं आणि एक विश्रांती. पद्धत बरी आहे, फक्त वेळखाऊ.

४ मार्च

हिचा भाचा आला होता, ताईंचा मुलगा. वखारीत हमालांवर मुकादम आहे, दार अडेल एवढे खांदे. म्हणाला, "काका, आईचं काही खरं नाही. सारखी मावशीचं नाव घेतेय. मी आणि माझा एक माणूस, खुर्चीत बसवून दहा मिनिटांत मावशीला खाली नेतो."

मी म्हणालो, "तिने स्वतःच्या पायांनी जायचं ठरवलंय. आता उचलून नेलं तर महिन्याभराची मेहनत पाण्यात. अजून अकरा दिवस."

"अकरा दिवस आईला कोण देणार?"

मुलगा भावनेच्या भरात होता. मी शांत राहिलो. एवढ्यात हिने घंटी वाजवली. एकदा, दोनदा, तीनदा, आणि मग वाजवतच राहिली. मी मोजलं, अकरा. तक्त्यात अकराला काही अर्थ नाही. मी पाणीही नेलं आणि पंपही नेला. तिने दोन्हीकडे पाहिलंसुद्धा नाही, भाच्याकडे बघत होती. तो डोळे पुसत जिना उतरून गेला.

८ मार्च

मोठी बातमी. आमच्या निवृत्त मंडळींच्या बैठकीत मी सहज विषय काढला तर सगळे माझ्या मागेच लागले. आठजण घरी येऊन पद्धत प्रत्यक्ष बघणार. त्यांच्यात माजी मोठे साहेबसुद्धा! तारीख १५ सकाळी दहा. ही स्टुलावर बसून आठजणांचा चहा करील, धाप न लागता, वीस मिनिटांच्या आत.

१५ ला ताईंकडे जायचं होतं, ते एक दिवस पुढे ढकललं. हिला म्हटलं, "१६ ला नक्की. मी शब्द देतो." तिने बराच वेळ माझ्याकडे पाहिलं आणि मान डोलावली. आजपासून सराव.

१३ मार्च

आठ कप, सोळा मिनिटं वीस सेकंद. आकडा ९०. आपल्या बायकोचा मला अभिमान वाटला, आणि तसं मी तिला सांगितलंही.

१५ मार्च, शनिवार

जसं घडलं तसं लिहितो.

सकाळी फिरताना ताईंच्या घरासमोर माणसं उभी दिसली. कोणी पाहुणे असतील असं वाटलं. सात वीसला घरी आलो आणि पाच मिनिटांत भाच्याचा फोन. ताई पहाटे गेल्या. "अकराला नेणार आहोत. मावशीला आणायला आम्ही येतोय."

ही आत आठ कप मांडत होती. मी विचार केला. रडणं म्हणजे दोन मजले चढण्याइतका दम, असं श्वासाच्या बाई एकदा म्हणाल्या होत्या. शिवाय जिना. शिवाय तिथली गर्दी, धूळ. आणि माणूस तर गेलेलंच आहे, ही गेली काय आणि न गेली काय, त्यात फरक पडणार नाही. मी भाच्याला म्हणालो, "तिचा आकडा आज बरा नाही, डॉक्टरांनी हलवू नका म्हटलंय." हे खोटं होतं. हिच्यासाठीच बोललो. आठजण यायचे होते हेही खरं, पण ते दुसरं कारण.

मी आत गेलो तर हिने तोंड उघडलं. तीन दिवसांत पहिल्यांदा. "उद्या नक्की?"

"उद्या नक्की," मी म्हणालो.

प्रात्यक्षिक अप्रतिम झालं. पंधरा मिनिटं चाळीस सेकंद! मोठे साहेब म्हणाले, "घड्याळसाहेब, तुम्ही अजून तेच आहात." टाळ्या पडल्या. एकाला सरकवण्याची युक्ती नीट दिसली नव्हती, म्हणून त्यांनी पुन्हा एकदा करून दाखवायला सांगितलं. मी घड्याळ लावलं तेव्हा बरोबर अकरा वाजले होते. हिने दुसऱ्यांदा आठ कप केले.

मंडळी सव्वाबाराला गेली. मग वीस मिनिटं तिची सक्तीची विश्रांती, ती मोडायची नाही. त्यानंतर सांगितलं.

"केव्हा?" तिने विचारलं.

"पहाटे."

"नेलं?"

"अकरा वाजता."

तिने भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं, मग ओट्यावरच्या उष्ट्या कपांकडे. नंतर उठून स्टुलावर बसली आणि सगळे कप घासले. सरकवत, जोर लावताना श्वास सोडत, अगदी नियमाप्रमाणे. डोळ्यांतून पाण्याचा टिपूस नाही. मी भीत होतो, पण पद्धत तिच्या अंगात पुरती मुरली आहे.

१७ मार्च

आकडा ९२. या वर्षातला सगळ्यात चांगला. काल १६ होती. जाण्याचा विषय तिने काढला नाही, मीही नाही.

२० मार्च

सकाळी साडेसहाला फिरायला गेलो, सात वीसला परत. पहिल्या मजल्यावर जिन्यात कोणाची तरी खुर्ची मध्येच ठेवलेली, अडखळलो. दुसऱ्या मजल्यावर तशीच दुसरी. लोकांना शिस्त म्हणून नाही, असं पुटपुटत वर आलो तर आमचं दार उघडं.

चहा बशीखाली झाकून ठेवला होता, गरम होता. ही नव्हती. खिळ्यावरचं स्टॉपवॉच नव्हतं. कपाटातली ती वर्तमानपत्राची पुडी नव्हती.

दुसऱ्या मजल्यावरच्या बाईंचं दार वाजवलं. "उतरल्या," त्या म्हणाल्या. खुर्ची त्यांनीच मांडली होती. पहिल्या मजल्यावरची तिथल्या लोकांनी. भाचा खाली गाडी घेऊन उभा होता. म्हणजे अख्ख्या इमारतीला माहीत होतं, मी सोडून. मी विचारलं, "किती वेळ लागला, पाहिलंत का?" बाईंनी माझ्या तोंडावर दार लावून घेतलं.

धावतच गेलो. ही ताईंच्या पलंगावर उशांना टेकून बसली होती. ओठ निळसर झालेले. शेजारी ताईंचा कंगवा आणि त्यावर ती वेणी. भाचा म्हणाला, आकडा ८३. मी म्हणालो, "अगं, हे काय केलंस? आता वर कशी येणार तू?"

तिने स्टॉपवॉच वर धरलं आणि कळ दाबली. "चार मिनिटं बोलणार आहे. मध्ये बोलू नका."

ती थांबत थांबत बोलली. तीन शब्द आणि एक श्वास. आठवतंय तेवढं लिहितो.

"दर तासाला आम्ही फडकं झटकायला जायचो. तेवढ्यात ताई माझी वेणी घालायची. केसांतला कापूस काढायची. चार मिनिटांत. तेवढीच काय ती हवा मिळायची आम्हाला. ती तुम्ही काढून घेतलीत. आणि मी म्हटलं, काय हुशार माणूस आहे." इथे बराच वेळ खोकली. "मला एकदाच उतरायचं होतं. परत चढण्याइतका दम नाही, हे पहिल्या दिवसापासून माहीत होतं मला. बाईंनाही. ताई असेपर्यंत तिच्याजवळ राहायचं होतं. उतरण्यापुरता दम फेब्रुवारीतच होता माझ्याकडे. तो तुमच्या शर्टांच्या कॉलरींना लागला. उरलेला आठ कपांना. दोनदा."

मी तोंड उघडलं. तिने कळ दाबली.

"झाली चार मिनिटं," ती म्हणाली आणि डोळे मिटून घेतले. भाच्याने मला दंडाला धरून बाहेर आणलं.

घरी येऊन सगळे तक्ते काढून पाहिले. चोपन्न पायऱ्या उतरायला किती दम लागेल याचे सतरा हिशोब आहेत. चढण्याचा एकही नाही. श्वासाच्या बाईंनी पहिल्याच दिवशी विचारलं होतं, आणि मी ते वहीत लिहूनही ठेवलंय. एकतीस वर्षांत माझ्या हातून एवढी ढोबळ चूक झाली नव्हती.

२३ मार्च

फोन केला. भाच्याने उचलला. "मावशीला दे," म्हटलं. पलीकडे कुजबुज झाली. "ती मानेने नाही म्हणतेय. बोलण्यात दम जातो म्हणे."

सकाळी स्वतः चहा केला. किती वेळ लागला ते सांगता येत नाही, घड्याळ तिच्याकडे आहे. साखर कुठे ते आठवेना, वरची फळी हुडकत बसलो, मग ती समोरच सापडली. दारातल्या खुर्चीला दोनदा वळसा घालावा लागला. ती खुर्ची मी हलवली नाही. चहा कडू झाला. दोन घोट घेऊन मोरीत ओतला.

नंतर बराच वेळ स्टुलावर बसून राहिलो. डुगडुगतंय म्हणून खाली वाकून पाहिलं आणि ते पान काढलं. चौथ्या पानावर पहिलीच ओळ आहे: घरातल्या माणसांनी काय करावं. खाली अकरा गोष्टी आहेत. मी त्या वाचल्या, आणि मला रडू आलं. माझ्या रडण्यात दम किती जातो ते काही मला कळलं नाही. माझी छाती ठणठणीत आहे.

दुपार झाली. घरात काही आवाज नाही. घंटी टेबलावरच आहे आणि तक्ता अजून भिंतीवर: एकदा म्हणजे पाणी, दोनदा म्हणजे पंप, तीनदा म्हणजे या.

मी तीनदा वाजवली. थोडा वेळ थांबलो, आणि पुन्हा तीनदा वाजवली.